अर्धी बातमी

९ जानेवारी

चिरंजीवास,

आशीर्वाद वेगळे लिहीत नाही. ते तुझ्या नावावर जन्मापासून आहेत. माझी प्रकृती ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो, परंतु दाढी गुडघ्याने करावयाची नसते, त्यामुळे दुकान नेहमीप्रमाणे चालू आहे.

पत्रास कारण की, मंगळवारी दुपारी सूनबाई येथे आली. एकटीच, एका पिशवीनिशी. मी त्या वेळी गुरुजींच्या गळ्यावर वस्तरा धरून होतो, म्हणून तत्काळ उठता आले नाही. (गुरुजी म्हणजे आपले तेच. शाळेतून निवृत्त होऊन युग लोटले, पण रोज दाढीला येऊन माझे व्याकरण तपासतात.) तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारले, "मामंजी, थोडे दिवस राहिले तर चालेल?" मी म्हणालो, "हे काय धर्मशाळेत विचारल्यासारखं विचारतेस? वर जा, चहा टाक, गुरुजींनाही दे." कारण तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

नवरा-बायकोत कुरबुरी होतात. तुझ्या आईने माझ्याशी एक आख्खा उन्हाळा अबोला धरला होता, आठवते काय? सगळे निरोप तुझ्यामार्फत चालत आणि तू त्यांत पदरची भर घालायचास. "आई म्हणते, डाळ संपली. आणि मिशा वाईट दिसतात." मिशांचे ती बोललीच नव्हती, हे मला पुढे समजले, तोवर मी त्या काढून टाकल्या होत्या.

छतातला खिळा पाहून सूनबाईने तो कशासाठी आहे असे विचारले. मी सांगितले, "तुझ्या नवऱ्याचं पहिलं गिऱ्हाईक तिथे टांगलं होतं." तिला खरेच वाटेना. फुग्याला साबणाचा फेस लावून तू वस्तरा चालवायचास, फुगा फुटला की तुझ्या तोंडावर फेस उडायचा आणि बाकावरची मंडळी एका सुरात "गेला बिचारा!" म्हणायची. सारा बाजार तुला फुगेवाला म्हणे. ती हसली, आणि हसता हसता वर निघून गेली.

माझ्या उस्तादांचा चामड्याचा पट्टा तिकडे तुझ्या दुकानात आहे, त्याला तेल देत जा. कोरडा पडला की वस्तऱ्याला धार चढत नाही. आणि उस्तादांचा नियमही तुझ्याजवळ आहे: राग आला की आधी हातातले हत्यार खाली. तो तू मोडणार नाहीस, अशी माझी खात्री आहे. रविवारची गर्दी ओसरली की मी स्वतः सूनबाईला आणून पोचवीन.

तुझा,
बाबा

ता. क. फोन का करीत नाही, असे तू म्हणशील. समोर तोंड नसले की मला बोलता येत नाही. चाळीस वर्षे मी आरशातल्या तोंडांशी बोलत आलो आहे.


२७ जानेवारी

चिरंजीवास,

सूनबाईला पोचविले नाही. त्याचे कारण लिहितो; बसून वाच.

आल्या दिवसापासून ती आपला पेला निराळा ठेवीत होती. ताटही निराळे. टॉवेल दोरीच्या अगदी टोकाला, इतर कपड्यांपासून दूर. मला वाटले, शिस्त असेल. शेवटी न राहवून विचारले, "हे काय चाललंय? मी काय खरकटं करतो?" तेव्हा तिने भिंतीकडे पाहत सांगितले, की तिला एचआयव्हीची लागण झालेली आहे, दोन वर्षांपूर्वी कळले, आणि तुझ्या घरात तिचा पेला असाच निराळा असतो.

हे ऐकून मला आजारापेक्षा पेल्याचे अधिक नवल वाटले. तू सहावीत असताना सरकारी दवाखान्याच्या लोकांनी आम्हा सर्व कारागिरांना बोलावले होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावा, असे सांगून एक मोठा तक्ता दिला. त्यावरचे शब्द जोडाक्षरांनी भरलेले होते. मी चौथी शिकलेला. मला अर्धे वाचता येईनात. तू बाकावर उभा राहून भर दुकानात तो वाचून दाखवलास. "एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने होत नाही. हात हातात घेतल्याने होत नाही." काय खणखणीत आवाज होता तुझा! गुरुजींनी पुन्हा एकदा वाच म्हटले, तर तू तक्ता खाली ठेवून पाठच म्हणून दाखवलास. त्या दिवशी तुझ्या आईने तुझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. मला या आजाराविषयी जे ठाऊक आहे ते सर्व तुझ्या तोंडून ठाऊक आहे.

पेला मी उचलून फळीवर इतर पेल्यांत ठेवला. आता कोणता कोणाचा हे ओळखू येत नाही.

कोणाकडून कोणाला आला, हे मी तिला विचारले नाही. तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो, तेथल्या सिस्टर म्हणाल्या की ते सांगता येत नाही आणि विचारून औषधही बदलत नाही. मी तिला एवढेच विचारले, की माझ्या मुलाची, म्हणजे तुझी, तब्येत कशी आहे. ती म्हणाली, "त्यांचं त्यांनी सांगावं, मामंजी. मी माझं सांगितलं."

तिची गोळी रोज ठरल्या वेळेला घ्यावी लागते. मध्ये खंड पडला होता, म्हणून सिस्टर रागावल्या. "औषध काय हौसेनं घ्यायचं असतं का, बाई?"  बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, की गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या असत आणि किल्ली तुझ्या खिशात. भांडण झाले की किल्ली सापडत नसे. क्षमा मागितली की सापडे.

हे खरे आहे काय? उलट टपाली कळव. खोटे असेल तर मला फार आनंद होईल.

तुझा,
बाबा


११ फेब्रुवारी

चिरंजीवास,

तुझा फोन आला. तू पुष्कळ बोललास. "बाबा, ती नाटकी आहे. जिन्यावरून पडली, त्याचं भांडवल करतेय." किल्लीविषयी मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा तू आवाज येत नाही म्हणालास. माझा आवाज लहान आहे, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही.

फोन ठेवल्यावर मी तुझ्या बाजूने विचार केला, हे लपवीत नाही. जिने असतात, माणसे पडतात. पण ती पडल्याचे तूच आधी बोललास. मी तर कुठे लागले आहे याविषयी काहीच विचारले नव्हते. हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

काल गच्चीवर ती दुकानाचे टॉवेल पिळीत होती. नको म्हटले तरी ऐकत नाही. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मी काठी टेकीत वर गेलो, ते तिला कळले नाही. दंडापासून मनगटाकडे जुने वळ होते, काळपट पडलेले. दोन बोटे रुंद, कडेला शिवणीचे टाके उमटलेले. आणि एका वळाच्या टोकाला अर्ध्या चंद्राचा ठसा.

चिरंजीवा, तो ठसा जिन्याचा नाही.

उस्तादांच्या पट्ट्याची मूळ कडी तुटली, तेव्हा तू पाच-सहा वर्षांचा होतास. आपण दोघे कोपऱ्यावरच्या चांभाराकडे गेलो. त्याने पत्र्याचा डबा तुझ्यापुढे उपडा केला. चौकोनी कड्या होत्या, गोल होत्या. तू पालथा पडून सगळा डबा धुंडाळलास आणि एक शोधून काढलीस. "बाबा, चंद्राची लावा!" चांभार म्हणाला, "ही बॅगेची आहे रे, पट्ट्याला कोण लावतं?" तू ऐकेनास. शेवटी तीच लावली. घरी येईपर्यंत तू पट्टा गळ्यात घालून मिरवत होतास, आणि इस्त्रीवाल्याने "काय फुगेवाले, कुठली कुस्ती जिंकून आलात?" असे विचारल्यावर तू त्याला चंद्र दाखवला होतास. तशी कडी असलेला पट्टा या धंद्यात दुसऱ्या कोणाजवळ नाही.

मी खाली उतरलो, एक दाढी केली आणि गिऱ्हाइकाला उगाच दुसऱ्यांदा फेस लावला. तो म्हणाला, "उस्ताद, आज फार प्रेम येतंय." 

सायंकाळी मी सूनबाईला एवढेच म्हटले, "मी पाहिलं." ती म्हणाली, "पाहिलंत ना? मग आता मला पोचवायला येणार का?" मी नाही म्हणालो. ती टॉवेलांच्या घड्या घालीत राहिली. एकेक घडी मोडून पुन्हा घालीत होती.

बाबा


२ मार्च

चिरंजीवास,

फोनवर तू जे बोललास ते तुझ्याच शब्दांत येथे लिहितो, म्हणजे पुढे माझे ऐकण्यात चुकले असे म्हणता येणार नाही. "आठ दिवसांत तिला पाठवा. नाहीतर तिला काय झालंय ते आख्ख्या बाजाराला सांगतो. मग बघू, तुमच्या वस्तऱ्याखाली कोण मान देतो ते."

पोटच्या पोराने बापाच्या धंद्याच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवावे, यात एका अर्थी तू धंदा नीट शिकलास.

मी त्याच क्षणी ठरविले, की तू सांगण्याआधी मीच सांगून टाकीन. सकाळी चहाच्या टपरीवर सगळे असतात. ताठ उभे राहावे आणि म्हणावे, माझ्या सुनेला असा असा आजार आहे, ज्याला यायचे त्याने यावे. मी धुतलेला सदरा घातला, डोक्याला तेल लावले. जिन्यात सूनबाईने वाट अडविली. "कुठे निघालात इतके नटून?" मी सांगितले.

ती जशी चिडली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. "तो सांगेन म्हणून भीती घालतो आणि तुम्ही सांगून मोकळे होणार! मला विचारलंत? आजार माझा आहे, मामंजी. कुणाला सांगायचं ते मी बघीन. तुमच्या घरात राहते म्हणून तो तुमचा होत नाही."

मी सदरा बदलून दुकान उघडले. या वयात सुनेकडून बोलणी खाण्याची वेळ आली, हे खरे. परंतु त्यात चुकीचा शब्द एकही नव्हता.

दुसरी गोष्ट. अशा बायकांची दाद घेणाऱ्या कार्यालयातल्या बाई येऊन गेल्या. सूनबाईचा अर्ज न्यायालयात जाणार आहे. वळ आता फिके पडले आहेत, दवाखान्याचा कागद आहे. परंतु ते कशाने उठले हे सांगू शकेल असा साक्षीदार जगात एकच आहे. बाई म्हणाल्या, "आजोबा, जबरदस्ती नाही. मुलगा आहे तुमचा." सूनबाईनेही मला काही म्हटले नाही. ती मुद्दाम उठून आत गेली.

बाईंनी दिलेल्या साक्षीच्या कागदावर सही अजून केलेली नाही. कागद आरशामागे ठेवला आहे. तू पहिल्यांदा न कापता दाढी केलीस त्या दिवशी तुझ्या आईने दुकानातल्या प्रत्येकाला गूळ वाटला होता. ती आज असती तर तिने काय सांगितले असते, याचा विचार करतो. मला वाटते तिने आधी तुला विचारले असते. म्हणून मीही विचारतो. तू तिला मारलेस काय? एकदा हो म्हण. मग पुढचे आपण दोघे मिळून पाहू. 

बाबा


१५ मार्च

चिरंजीवास,

उत्तर मिळाले. पत्राने नव्हे, इस्त्रीवाल्यामार्फत.

तू त्याला फोन केलास, त्याने चहावाल्याला सांगितले, आणि दुपारपर्यंत बातमी मला सोडून सर्वांना ठाऊक होती. बाकावर बसलेले दोघे "जरा येतो" म्हणून उठले, ते आले नाहीत. इस्त्रीवाला समोरच्या फुटपाथवरून माझ्या दुकानाकडे असे पाहत होता, जणू आत आग लागलेली आहे.

खुर्चीत गुरुजी होते. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. माझा हात थांबला होता. तेवढ्यात सूनबाई धुतलेले टॉवेल घेऊन खाली आली. बाहेर घोळका, आत बाक रिकामा. तिने एका नजरेत ओळखले. टॉवेल फळीवर ठेवले, दारात जाऊन उभी राहिली आणि इस्त्रीवाल्याला हाक मारली.

"काका, बातमी अर्धीच आणलीत. मला एचआयव्ही आहे, हे बरोबर. गोळी घेते, ठीक आहे. पण त्याने मला चामड्याच्या पट्ट्याने मारलं, माझ्या गोळ्या कुलपात ठेवल्या, ते नाही सांगितलं का त्याने फोनवर? मग आता सांगायला निघालाच आहात, तर पुरी बातमी सांगा."

इस्त्रीवाला म्हणाला, "मला काय करायचंय, सूनबाई, तुमच्या घरातलं?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "सकाळपासून काय करत होतात मग?"

कोणी हसले नाही. गुरुजी मात्र आरशातून म्हणाले, "सूनबाई, मी एका गालाचा माणूस आहे. असा उठून कुठे जाऊ? उस्ताद, हात चालवा." मी हात चालविला. दुसऱ्या गालाला मला थोडा अधिक वेळ लागला. गुरुजींनी त्या दिवशी व्याकरणाची एकही चूक काढली नाही.

गिऱ्हाईक कमी झाले आहे. काही परत येतील, काही येणार नाहीत. इस्त्रीवाला दाढी वाढवून हिंडतो. त्याला ती मुळीच शोभत नाही.

त्याच सायंकाळी आरशामागचा कागद काढून मी सही केली. तू बातमी फोडलीस याचा सूड म्हणून केली, असे समजू नकोस. त्या दारात तिने सर्वांसमोर खरे सांगितले आणि ते खरे आहे हे ठाऊक असलेला दुसरा माणूस तिच्या पाठीमागे वस्तरा धरून गप्प उभा होता. तसे पुन्हा उभे राहणे मला जमणार नाही.

तारीख तुला कळविलीच असेल.

बाबा


२० एप्रिल

चिरंजीवास,

न्यायालयात तू उजव्या बाजूला उभा होतास. तुझे केस कानांवर आले आहेत. कोणाकडून कापून घेत नाहीस, असे दिसते. मला तेथेच उठून कातर मागावीशी वाटली, हे तुला सांगून ठेवतो.

तुझे वकील मला म्हणाले, "तुम्ही मारताना पाहिलंत?" मी नाही म्हणालो. "मग कशावरून सांगता?" मी म्हणालो, "पट्टा माझ्या उस्तादांचा. कडी मी बसवून घेतली. निवडली मुलाने." त्यांनी विचारले, बापलेकांत इस्टेटीचा वाद आहे काय. मी म्हणालो, "दोन खुर्च्या आणि चार आरसे आहेत, साहेब. वाद घालायलासुद्धा कमी पडतात." न्यायाधीशबाईंनी तोंडावर कागद धरला. नंतर त्यांनीच विचारले, "आरोप ज्याच्यावर आहे तो तुमचा कोण?" हे सर्व कागदोपत्री त्यांना ठाऊक होते, तरी विचारले. मी म्हणालो, "मुलगा. एकुलता." ते त्यांनी लिहून घेतले. त्या वेळी तू खिडकीबाहेर पाहत होतास.

तुझ्या वकिलांनी सूनबाईला तिच्या आजारावरून नको ते प्रश्न विचारले. तिने आपल्यापुरती उत्तरे दिली. तुझ्या तब्येतीचा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "त्यांचं त्यांना विचारा." तू ते ऐकलेस. तुझी मान खाली गेली, ती मी पाहिली.

आदेश तुला मिळाला आहे. सूनबाई येथे राहते आहे तोवर तू या घरात आणि दुकानात यावयाचे नाही. ती येथेच राहणार आहे. खालच्या रस्त्याला एका शिवणाच्या कारखान्यात तिला काम मिळाले आहे, आणि इतक्यात दुसरी खोली पाहण्याचा तिचा विचार नाही. म्हणजे ज्या उंबऱ्यावर तू रांगत होतास, तेथे तुला मज्जाव आहे आणि त्या मागणीला जोडलेल्या साक्षीखाली माझी सही आहे. अक्षर चांगले आले आहे.

परतताना गाडीत मी सूनबाईला तुझ्या लहानपणची एक गोष्ट सांगू लागलो. तिने थोडी ऐकली. मग म्हणाली, "मामंजी, रागावू नका. तो मुलगा गोडच असणार. पण त्याने मला मारलं नाही. मारलं ते दुसऱ्याने, आणि त्याच्याशी तुम्ही अजून बोललाच नाहीत. पत्रंसुद्धा त्या छोट्यालाच लिहिता." मी खिडकीबाहेर पाहिले. नंतर घरी येऊन तिचे म्हणणे मनात पुन्हा पुन्हा वाचले, तर त्यात खोडण्यासारखे काही नव्हते. फुगे, तक्ता, चांभाराचा डबा. हे लिहिताना मला बरे वाटत होते. तुला वाचतानाही सोपे जात असले पाहिजे.

म्हणून हे पत्र तुला लिहितो, त्या मुलाला नाही.

तू येथे येऊ शकत नाहीस. मी तेथे येऊ शकतो. मला कोणी मनाई केलेली नाही. सोमवारी दुकान बंद असते. येत्या सोमवारी पहिल्या गाडीने येईन आणि तुझ्या दुकानासमोर झाडाखाली दगडी ओटा आहे, त्यावर बसेन. आत येणार नाही. तू बाहेर ये आणि एक वाक्य बोल: मी तिला मारले. त्याच्या आधी 'तिने' नको, त्याच्या नंतर 'पण' नको. मोठ्याने बोलण्याची गरज नाही, मला ऐकू येते. बाहेर आला नाहीस तर संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन आणि पुढल्या सोमवारी पुन्हा येईन.

तुझ्या लहानपणच्या आणि तुझ्या आईच्या पुष्कळ गोष्टी अजून माझ्याजवळ आहेत. काही तुला मुळीच ठाऊक नाहीत. त्या सांगावयास मी आतुर आहे, हे कबूल करतो. परंतु त्या वाक्यानंतर. आधी एकही नाही.

सोमवारी येतो.

बाबा